मोटारीतील रेडिओचा ‘धप्प’ आवाज

मलकपेठच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून दिलसुखनगरकडे निघालेल्या मोटारीत विविध भारतीवरील गाणे चालू आहे. गाणे संपताच चालक कळ दाबून रेडिओऐवजी मोबाइलवरील संगीत लावतो आणि स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज येतो. आवाज क्षणभराचाच, पण भर गर्दीच्या रस्त्यावर चालकाला दचकविण्यास तो पुरेसा होतो. हा धक्का जोरदार व वारंवार असला, तर स्पीकरलाही अपाय संभवतो. मग बिचारा मालक अँप्लिफायरच बदलावयास निघतो. वास्तविक, पुष्कळदा त्याची आवश्यकता नसते.

संगीताचा विद्युत्‌प्रवाह सतत चढतो व उतरतो आणि त्यानुसार स्पीकरचा पडदा हलतो. परंतु मंडलात त्याच्या जोडीला एक स्थिर दाबही असतो. मोटारीच्या १२ व्होल्टांवर चालणाऱ्या पुष्कळ अँप्लिफायरांत तो सुमारे ६ व्होल्ट असतो. स्थिर असेतोवर तो ऐकू येत नाही. एकाएकी बदलला, की पडद्याला हिसका बसतो. तोच हा ‘धप्प’. १९३० मध्ये अमेरिकेत निघालेल्या मोटोरोलासारख्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत हा उपद्रव कमी असे. व्हॉल्व्ह सावकाश तापत आणि ट्रान्सफॉर्मर हा स्थिर दाब स्पीकरपर्यंत पोहोचू देत नसे.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. प्रथम आवाज शून्यावर आणून कळ बदलावी. ‘धप्प’ नाहीसा झाला, तर दोष आवाजाच्या नियंत्रकाच्या अलीकडे, म्हणजे बहुधा संगीताच्या उगमाकडे आहे. तो कायम राहिला, तर दोष पलीकडे शोधावा. अँप्लिफायर स्वतंत्र असल्यास वीज बंद करून रेडिओकडून येणाऱ्या संदेशाच्या तारा काढाव्यात व पुन्हा तीच कळ दाबून पाहावी. तरीही धक्का बसला, तर ‘रिमोट’च्या तारेवर मल्टिमीटर लावावा. काही रेडिओ कळ बदलताना या तारेतील १२ व्होल्ट क्षणभर तोडतात; त्यामुळे अँप्लिफायर बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोष अँप्लिफायरचा वाटला, तरी मूळ रेडिओत असते. शेवटी संगीत बंद ठेवून स्पीकरच्या दोन टोकांमधील स्थिर दाब मोजावा. काही दशांश मिलिव्होल्टांपासून काही दशक मिलिव्होल्टांपर्यंत तो असल्यास चिंता नाही; काही व्होल्ट भरला, तर स्पीकर तत्काळ सोडवावा.

उगमाकडील दोषात संदेशाच्या वाटेवरील कपॅसिटर तपासावा. त्याचे काम संगीत पुढे सोडणे व स्थिर दाब अडविणे. तो गळका झाला, की हा अडसर उरत नाही. असा स्वल्प किमतीचा भाग बदलल्यानेही काम भागते.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम. आधी अँप्लिफायर मुका करावा, मग उगम बदलावा, दाब स्थिरावू द्यावा आणि नंतरच आवाज सोडावा. मुका करणाऱ्या टोकाशी १० किलोओहमचा रोधक व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास सुमारे एक दशांश सेकंदाचा संथपणा मिळतो. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळविताना शेतकरी घाईने बांध फोडीत नाही; आधी वाट करतो, मग दार मोडतो. विजेच्या प्रवाहालाही तीच शिस्त मानवते.