पायाखालची ओल आणि यतना

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जिया-कॅरोलिनाकडे, पुष्कळ घरांच्या लाकडी तळाखाली रांगतच शिरता येईल एवढी पोकळी असते. तिला ‘क्रॉल स्पेस’ म्हणतात. वातानुकूलनाच्या हवानलिका बहुधा तेथूनच जातात. उन्हाळ्यात नळीतील हवा थंड, भोवतालची दमट. त्यामुळे नळीवर दव साचते, वेष्टन भिजते आणि बुरशी धरते. परतीच्या नळीचे सांधे सुटले असतील, तर तीच हवा घरात ओढली जाते.

तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांपुढील प्रश्न केवळ आरोग्याचा नसतो. बुरशी म्हणजे अनंतकाय. ती काढावी तर हिंसा, ठेवावी तर वृद्धी. म्हणून यतना आधीच हवी. जीवोत्पत्तीचे कारणच दूर केले पाहिजे.

प्रथम छपराचे पाणी पायापासून दूर न्यावे. उघड्या मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरावे, आर्द्रता 60 टक्क्यांखाली राखावी. गळलेले पाणी 24 ते 48 तासांत सुकवावे. सांधे मॅस्टिकच्या लेपाने बुजवावेत. कापडी टेप कालांतराने सुटते. बुरशी धरलेले काचतंतूंचे वेष्टन धुऊन स्वच्छ होत नाही, ते बदलावेच लागते. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थाही नळ्यांची सफाई नेमाने नव्हे, गरजेपुरतीच करण्यास सांगते.

दुरुस्तीतील अटळ हिंसा एकदाच घडते. ओल राहिली तर ती दर उन्हाळ्यात घडेल. पाणी गाळून पिणाऱ्या घराने आपल्या पायाखालीही एकदा वाकून पाहावे.