जाळीचा गणपती कापताना

भाद्रपद जवळ आला की लालबाग-परळच्या मूर्तींच्या कारखान्यांत पाय ठेवायला जागा नसते. धड एकीकडे, हात रांगेने मांडलेले, मुकुट तिसरीकडे. फार मोठी मूर्ती एका साच्यातून निघत नाही. भाग वेगळे ओतायचे, सांधायचे, सांधा बुजवायचा. विभागणी कोठे करायची हे कारागीर ठरवतो. बाजूबंदाखाली सांधा घेतला तर तो आपोआप झाकला जातो. पोटावर घेतला तर घासत बसावे लागते.

हीच मूर्ती संगणकात घडवली आणि त्रिमितीय छपाईसाठी तिचे तुकडे करायचे ठरवले, तर काय होते? पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की संगणकातली मूर्ती भरीव नसते. ती असते हजारो छोट्या त्रिकोणांची जाळी. केवळ कातडी, आत काहीच नाही.

समजा, ही जाळी एका आडव्या प्रतलाने कापायची आहे. प्रत्येक शिरोबिंदू प्रतलाच्या वर आहे की खाली, हे संगणक पाहतो. तिन्ही शिरोबिंदू एकाच बाजूला असतील तर त्रिकोणाला हात लावायचा नाही. एक वर आणि दोन खाली असतील, तर दोन कडांवर नवे बिंदू येतात. कडेचे एक टोक ३ सें.मी. वर आणि दुसरे १ सें.मी. खाली असेल, तर नवा बिंदू वरच्या टोकापासून कडेच्या तीन-चतुर्थांश अंतरावर येणार. हे समरूप त्रिकोणांचेच गणित आहे. वर एक त्रिकोण उरतो, खाली चौकोन. चौकोनाचे कर्णाने पुन्हा दोन त्रिकोण करायचे.

येथे एक खुबी आहे. कड दोन त्रिकोणांची सामाईक असते. दोघांनी नवा बिंदू आपापला काढला, तर दशांश स्थळे मर्यादित असल्याने शेवटच्या अंकात फरक पडू शकतो आणि जाळीला केसाएवढी चीर जाते. म्हणून बिंदू एकदाच काढून दोघांनी वापरायचा.

इतके करूनही मूर्ती एकसंधच असते! फक्त एक रेघ उमटली आहे. तुकडे सुटायचे तर रेघेवरचा प्रत्येक बिंदू आणि प्रत्येक कड दुहेरी करावी लागते, एक प्रत वरच्याला, एक खालच्याला. ‘कापणे’ आणि ‘विभागणे’ या दोन क्रिया आहेत. ब्लेंडर या मोफत प्रणालीतली ‘बायसेक्ट’ ही आज्ञा नुसती दिली तर पहिलीच होते.

ऑयलरचे सूत्र वर्गात शिकवताना हे घनावर करून पाहावे. शिरोबिंदू ८, कडा १२, पृष्ठे ६; ८ − १२ + ६ = २. मध्यावर रेघ मारली की १२ − २० + १० = २. आता रेघ दुहेरी करा: १६ − २४ + १० = २. उत्तर बदललेच नाही, पण हाती दोन उघडे डबे आहेत! बंद रेघेवर जितके बिंदू तितक्याच कडा, त्यामुळे त्यांची भर शून्य. प्रत्येक डब्याचे वेगळे मोजले की ८ − १२ + ५ = १ येते आणि गोम कळते. झाकण लावले की प्रत्येकाचे २. विद्यार्थी बेरीज करून खूश होतात. तुकड्यांगणिक मोजायला लावावे.

झाकण विसरले तर छपाईची प्रणाली गोंधळते, कारण आत कोणते आणि बाहेर कोणते हे तिला ठरवता येत नाही. कसोटी साधी आहे: प्रत्येक कडेला बरोबर दोनच त्रिकोण चिकटलेले हवेत. उघड्या तोंडाच्या कडेला एकच असतो.

गणपतीची खास अडचण सोंडेची. सोंड हातातल्या मोदकाला टेकली की चेहरा, सोंड, हात, धड असे एक कडे तयार होते. सोंड एका जागी कापून विभागली तरी तुकडा सुटत नाही. बांगडी एके ठिकाणी तोडली तरी ती एकच राहते, तसे. मोदकापाशी दुसरा छेद घ्यावाच लागतो. नवशिका समजतो की प्रणाली बिघडली.

परळची दुसरी ओळख के. ई. एम., टाटा, वाडिया या रुग्णालयांची. सी. टी. स्कॅनवरून हाडाची जाळी करून शस्त्रक्रियेचा आधी सराव करण्याची पद्धत आता जगभर आहे. मूर्तीच्या छेदावर सपाट झाकण बसवले तर काही बिघडत नाही. हाडाच्या छेदावर मात्र तेच झाकण खोटे चित्र दाखवते: बाहेरचे घट्ट हाड, आतले जाळीदार हाड, मज्जा, यांतले काहीच त्या कातडीत नव्हते. गाठ कोठवर पोचली आहे हे पाहायला शल्यविशारदाला झाकण बाजूला ठेवून मूळ स्कॅनच्या चकत्यांकडेच परतावे लागते.