पिंजऱ्यांतलें नवें पांखरूं

पोपट म्हटला म्हणजे मराठी मनासमोर उभा राहतो तो ओटीवर टांगलेला लोखंडी पिंजरा, त्यांत गळ्याभोंवतीं काळी-गुलाबी कंठी असलेला हिरवा पक्षी, आणि त्याच्या वाटींतील भिजविलेली हरभऱ्याची डाळ व एक हिरवी मिरची. हें चित्र आतां आठवणींतच राहिलें पाहिजे. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यांत पुढें झालेल्या दुरुस्त्या यांमुळें भारताच्या रानांतील पोपट पकडणें, विकणें अथवा घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. आणि तो केवळ कागदावरचा गुन्हा नव्हे. झाडाच्या ढोलींतून उपसून काढलेल्या पिल्लांपैकीं कित्येक बाजार दिसण्यापूर्वींच टोपलींत मरतात. घरट्यांतून खालीं पडलेलें असें पिल्लूं कोणास सांपडलें तर तें पाळण्याची हौस न धरतां वनखात्याच्या स्वाधीन करावें.

तेव्हां आजच्या शहरी बिऱ्हाडांत पहिलाच पक्षी म्हणून येतो तो बहुधा बजरीगर. विक्रेते त्याला सर्रास ‘लव्ह बर्ड’ म्हणतात, तें खरें नव्हे. त्या नांवाचे पक्षी आफ्रिकेंतले, अंगानें जाड व शेपटीनें आंखूड. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागांतला चिमुकला पोपट, सुमारें १८ सेंटिमीटर लांबीचा आणि ३० ते ४० ग्रॅम भरणारा, म्हणजे वजनानें एखाद्या लिंबाएवढा. बाजरी खातो म्हणून बजरीगर, अशी व्युत्पत्ति कित्येकजण मोठ्या विश्वासानें सांगतात. ती गोड आहे, पण चुकीची. हें नांव तेथील आदिवासींच्या भाषेंतून इंग्रजींत गेलें व तेथून इकडे आलें. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं हे पक्षी जिवंत इंग्लंडांत नेले. तेव्हांपासून ते पिंजऱ्यांतच वाढत आले आहेत, आणि मूळच्या हिरव्या रंगाबरोबर निळे, पिवळे, पांढरे असे नाना रंग माणसानें त्यांत निपजविले आहेत. मोठे परदेशी पोपट बाळगणारांस २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारकडे नोंदणी करावी लागते. ज्या आंतरराष्ट्रीय यादीवरून ही नोंदणी ठरते तींत बजरीगराचें नांव नाहीं.

इतक्या पिढ्या पिंजऱ्यांत गेल्या, तरी रानांतली एक संवय त्याच्या अंगांतून गेलेली नाहीं. माळरानावर थव्यानें उडणाऱ्या या पक्ष्यांत जो दुबळा दिसतो त्याच्यावर ससाण्याची झडप आधीं पडते. म्हणून आजारी बजरीगर आपला आजार लपवितो. तो दांडीवर ताठ बसतो, दाणे टिपल्यासारखें करतो, कोणी जवळ आलें कीं फुललेलीं पिसें आवरून घेतो. आणि हें सोंग ज्या दिवशीं त्याला वठवितां येत नाहींसें होतें, त्या दिवशीं उपायाला फारसा अवधि उरलेला नसतो. “काल संध्याकाळीं अगदीं चांगला होता, आणि सकाळीं पिंजऱ्याच्या तळाशीं मरून पडलेला,” असें नवशिके धनी सांगतात तें याच कारणानें. बहुतेक वेळां तो काल चांगला नव्हताच. फक्त तें ओळखणारें कोणी घरांत नव्हतें. पक्षी पाळणें ही मुख्यतः पाहण्याची विद्या आहे, आणि पिल्लूं निवडण्यापासूनच तिला आरंभ होतो.

निवड करतांना रंगाआधीं वय पाहावें. अंडें सुमारें १८ दिवसांत फुटतें, पिल्लूं साधारण पांच आठवड्यांचें झालें कीं घरट्याबाहेर येतें, आणि त्यानंतरहि कांहीं दिवस बाप त्याला भरवीत असतो. दाणा सोलून खाण्याची कला त्याला याच दिवसांत साधते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांचें, स्वतः दाणे सोलीत असलेलें पिल्लूं घ्यावें. त्याच्या कपाळावर चोंचीपर्यंत आलेल्या बारीक काळ्या आडव्या रेघा असतात, आणि डोळा सबंध काळा, पांढऱ्या कड्यावांचूनचा दिसतो. (सबंध पिवळ्या वा पांढऱ्या पक्ष्यांत या रेघा दिसत नाहींत.) कांहीं विक्रेते याहून लहान, अर्धवट पिसांचें पिल्लूं पुढें करतात आणि हातानें भरविल्यास त्याला अधिक लळा लागेल असें आमिष दाखवितात. नवशिक्यानें या वाटेस जाऊं नये. भरविण्याची पेज जरा जास्त गरम झाली तर पिल्लाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी आंतून भाजते, थंड झाली तर अन्न तेथेंच आंबतें, आणि एखादा थेंब श्वासनलिकेंत गेला तर पिल्लूं हातांतच गुदमरतें. लळा सहवासानें लागतो. दोन महिन्यांचें पिल्लूं माणसाळण्यास मुळींच उशीर झालेला नसतो.

पिंजरा मनोऱ्यासारखा उंच किंवा वाटोळा नसावा, लांबट असावा. कारण पक्षी आडवा उडतो. गजांमधील अंतर सव्वा सेंटिमीटरहून अधिक असल्यास डोकें अडकण्याचें भय असतें. पिंजऱ्याबरोबर मिळणाऱ्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांड्या काढून टाकून पेरूच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून बसवाव्या. पोपटाच्या पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें असतात आणि अहोरात्र तो त्या पायांवरच असतो. नेहमीं एकाच जागीं भार पडला तर तळव्यास घट्टे पडून पुढें जखमा होतात.

पिंजरा कोठें ठेवावा हा प्रश्न मात्र जीवनमरणाचा आहे. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या पिशव्या पसरलेल्या असतात, आणि हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनें वाहत राहते. उड्डाणाला लागणारा प्राणवायु पुरविणारी ही अपूर्व रचना विषारी वायूहि तितक्याच तत्परतेनें रक्तांत पोंचविते. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, ते याच गुणासाठीं. अन्न न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामाच चुलीवर राहून फार तापला, तर त्यांतून निघणारा वायु घरच्या माणसांस कदाचित् जाणवणारहि नाहीं. पांखरूं मात्र थोडक्या वेळांत मरतें. त्याखेरीज फोडणीचा खाट, देवघरांतील धूप आणि कापूर, तिन्हीसांजेला लावलेली डांसांची अगरबत्ती, दिवाळींतले फटाके! मराठी घराला यांतलें कांहींहि वर्ज्य नाहीं. म्हणून पिंजरा स्वैंपाकघर व देवघर यांपासून दूर, मोकळ्या हवेच्या पण वाऱ्याचा झोत थेट न लागणाऱ्या खोलींत, भिंतीला पाठ देऊन ठेवावा. त्याचें दार उघडण्यापूर्वीं छताचा पंखा बंद केलेला असावा, खिडक्या लावून कांचेवर पडदा ओढलेला असावा, आणि पाण्यानें भरलेली बादली झांकलेली असावी. फिरता पंखा पांखराला दिसत नाहीं, आणि कांच ही त्याला हवाच वाटते.

अन्नाच्या बाबतींत घरोघरीं एकच मोठी चूक होते, आणि ती प्रेमापोटीं होते. राळे, वरी, बाजरी हे दाणे बजरीगराला मनापासून आवडतात. ते द्यावेत, पण वाटी भरून दिली कीं काम झालें असें समजूं नये. कोरड्या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व व कॅल्शियम फार थोडें असतें. त्यांवरच वाढलेलें पांखरूं गुबगुबीत दिसतें आणि घरची मंडळी समाधान मानतात. आंत मात्र यकृतावर चरबी सांचत असते, नाकाघशाचें अस्तर दुबळें होत असतें, आणि नीट निगा असल्यास पांच ते दहा वर्षें जगावयाचा पक्षी अकालीं जातो. सूर्यफुलाचें बीं तर अतिशय तेलकट; तें बक्षिसादाखल एखादें द्यावें. रानांत पाण्याच्या एका घोटासाठीं कोसच्या कोस उडणाऱ्या पक्ष्याला जें पचतें, तें दीड हात पिंजऱ्यांत बसणाऱ्याला पचत नाहीं.

रोज सकाळीं, भूक ताजी असतांना, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलें गाजर, मोड आलेले मूग यांतलें कांहीं चिमूटभर द्यावें आणि दुपारीं उरेल तें काढून टाकावें. पहिले कित्येक दिवस पिल्लूं त्याकडे ढुंकूनहि पाहणार नाहीं. अनोळखी वस्तु म्हणजे संकट, असें त्याचें साधें गणित असतें, आणि तें चुकीचें नाहीं. एक युक्ति बहुधा लागू पडते. कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्याच्या छताला टांगावी. पानांवरच्या थेंबांत अंग भिजवून घेण्याची या जातीला मोठी हौस असते, आणि आंघोळीच्या निमित्तानें चोंचीला पानाची चव लागते. दाणे एकाएकीं बंद करून भाजी खाण्यास भाग पाडणें धोक्याचें आहे. एवढासा जीव उपास सोसूं शकत नाहीं. याच्या उलट अपघातहि घडतो. बजरीगर दाणा सोलून टरफल वाटींतच टाकतो, वाटी वरून भरलेली दिसते, आणि भरल्या वाटीपुढें पांखरूं उपाशी राहतें. म्हणून रोज वाटीवर फुंकर मारून खालीं काय आहे तें पाहावें.

काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा समुद्रफेन, म्हणजे माकूल जातीच्या समुद्रजीवाच्या अंगांतलें हाड, पिंजऱ्याला अडकवून ठेवावा. तो कुरतडल्यानें चुना मिळतो व चोंचहि झिजते. वाळू वा खडे घालण्याचें मात्र कारण नाहीं. कबूतर सबंध दाणा गिळतें म्हणून त्याला खड्यांची गरज. सोलून खाणाराला ती नाहीं. अव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, चहा, कॉफी आणि खारट फरसाण यांचा कणहि पांखराच्या चोंचींत जाऊं नये. स्वतःच्या ओठांतला घास त्याला देण्याचें कौतुक पुष्कळांना असतें; माणसाच्या तोंडांतले जंतु त्याला बाधतात.

नवें पिल्लूं घरीं आलें म्हणजे मुलें पिंजऱ्याभोंवतीं कडें करून बसतात. तीं बसलीं तरी हरकत नाहीं, हात मात्र बाहेर राहिले पाहिजेत. पहिले तीनचार दिवस पिल्लाला केवळ घराचे आवाज ऐकूं द्यावेत. त्यानंतर दिवसांतून दोन-तीन वेळां, दहाएक मिनिटें, एकाच व्यक्तीनें राळ्याचें कणीस घेऊन पिंजऱ्यांत हात स्थिर धरावा आणि हलक्या आवाजांत बोलत राहावें. कोणाच्या हातावर तें चार दिवसांत येतें, कोणाच्या महिन्यानें. कणीस हातांतून खाऊं लागलें कीं बोट त्याच्या पोटाला, पायांच्या किंचित वर, हळूच टेकवावें. बहुधा तें आपण होऊन बोटावर चढतें. त्याला पकडून माणसाळविण्याचा प्रयत्न करणें हा आठवडाभराची कमाई क्षणांत घालविण्याचा मार्ग आहे, आणि त्यांत याहून गंभीर भय आहे. पक्ष्याच्या देहांत माणसासारखा श्वासपटल नसतो. छातीचें हाड हलतें तेव्हांच त्याचा श्वास चालतो. मुलाच्या मुठींत छाती आवळली गेली तर चोंच व नाक मोकळें असूनहि तो गुदमरतो. हें कारण समजावून सांगितलें तर लहान मुलेंहि मूठ सैल ठेवतात, असा पुष्कळ घरांतला अनुभव आहे. नुसतें दटावून तें साधत नाहीं.

रात्रीं दहा-बारा तास अंधार व शांतता त्याला हवी. ज्या दिवाणखान्यांत मध्यरात्रीपर्यंत दूरचित्रवाणी चालू असते तेथें पिंजऱ्यावर कापड टाकून भागत नाहीं, पिंजराच हलवावा लागतो. घर दिवसभर बंद राहणार असेल तर दोन पक्षी पाळणें न्यायाचें. थव्यांतल्या जिवाला एकांत मानवत नाहीं. जोडींतला पक्षी माणसाशीं कमी बोलतो, हें खरें. ज्यांना बोलकाच पक्षी हवा आहे त्यांनीं नर घ्यावा आणि त्याच्याशीं दिवसाचे कित्येक तास घालविण्याची तयारी ठेवावी. बी.बी.सी.नें १९५८ सालीं बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा घेतली, तींत न्यूकॅसलचा स्पार्की विल्यम्स नांवाचा एक बजरीगर पहिला आला. त्याच्या मालकिणीनें त्याला शिकविण्यांत घातलेला वेळ पाहतां त्या बक्षिसाचा अर्धा वाटा तिचाच म्हणावयास हवा.

आतां पुन्हां त्या सोंगाकडे वळावयाचें. तें उघडें पाडण्याचीं दोन साधनें प्रत्येक घरांत असूं शकतात. पहिलें म्हणजे पिंजऱ्याच्या तळाशीं पसरलेला पांढरा कागद. निरोगी पांखराच्या विष्ठेंत तीन भाग स्पष्ट दिसतात: गडद हिरवट घट्ट भाग, त्यावर पांढरा ठिपका, आणि भोंवतीं थोडें स्वच्छ पाणी. कागद रोज सकाळीं बदलतांना ही खूण पाहिली म्हणजे आठवड्याभरांत डोळ्याला संवय होते. पांढऱ्याचा पिवळा वा हिरवा होणें, घट्ट भाग नाहींसा होणें, किंवा विष्ठेची संख्याच घटणें हीं अनिष्ट चिन्हें समजावींत. दुसरें साधन म्हणजे ग्रॅम मोजणारा लहान तराजू. दर आठवड्याला एकदां, सकाळीं खाण्यापूर्वीं, पांखराला त्यावर बसवून वजन वहींत टिपावें. पिसांखालीं रोडावलेली छाती दिसत नाहीं. पण ३५ ग्रॅमचें पांखरूं साडेतीन ग्रॅम घटलें तर दहावा हिस्सा गेला, आणि तेवढ्यावरून वैद्याकडे धांव घेतली पाहिजे. दिवसा पिसें फुगवून बसणें, दोन्ही पाय टेकून झोंपणें, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालींवर होणें, आवाज बदलणें, हीं लक्षणें दिसल्यावर तर दुसऱ्या दिवसाची वाटहि पाहूं नये.

अशा वेळीं पांखराला लहान पेटींत, मऊ कापडावर, एका बाजूनें ऊब मिळेल असें ठेवावें. नको वाटल्यास त्याला दुसऱ्या बाजूस सरकतां आलें पाहिजे. माणसाची औषधें देऊं नयेत, ब्रँडीचा थेंबहि नको. तळाचा कागद व वजनाची वही बरोबर न्यावी, आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचा पत्ता पिल्लूं आणण्यापूर्वींच शोधून ठेवलेला असावा, कारण कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक दवाखान्यांत ही माहिती असतेच असें नाहीं.

पोपटांपासून माणसालाहि एक रोग होऊं शकतो. १९२९-३० सालीं दक्षिण अमेरिकेंतून पाठविलेल्या पोपटांबरोबर त्याची सांथ युरोपांत व अमेरिकेंत पसरली आणि वर्तमानपत्रांनीं मोठी घबराट उडविली. आज त्यावर प्रतिजैविकांचा उपाय आहे, पण डॉक्टरला पक्ष्याचा सुगावा लागला पाहिजे. घरांत कोणाला ताप, डोकेदुखी व कोरडा खोकला आला तर घरीं पोपट आहे हें त्यांस सांगावें. पिंजरा कोरडा झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावा, आणि मागाहून हात साबणानें धुवावे. घरांत आधींचा पक्षी असल्यास नव्याला महिनाभर निराळ्या खोलींत ठेवावें.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत पिंजऱ्याच्या तळाशीं एकाएकीं पुष्कळ पिसें पडलेलीं दिसतील. हा रोग नव्हे; पांखराची ही पहिली पिसेंझड होय. या दिवसांत तें चिडखोर व सुस्त होतें, त्याला थोडे अधिक मोड आलेले मूग आणि उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर चुरा द्यावा, आणि हातावर येण्याचा आग्रह धरूं नये. दोनतीन आठवड्यांनीं कपाळावरच्या काळ्या रेघा मागें सरून तेथें स्वच्छ पिवळा किंवा पांढरा रंग येतो. आणि पुढें कांहीं महिन्यांनीं त्या सबंध काळ्या डोळ्याभोंवतीं एक बारीक पांढरें कडें दिसूं लागतें.