नळ गळतो, खर्च कुणाचा?

चाळीतल्या मोरीची भिंत ओली ती ओलीच. पोपडे सुटतात, खालच्या बिऱ्हाडात पाणी ठिबकते आणि दोन घरांतली बोलचाल बंद होते. मालकाकडे जावे तर तो म्हणतो, "राहता तुम्ही, दुरुस्तीही तुम्हीच करा." मग भाडेकरू चिडून भाडेच थांबवतो. बंधू-भगिनींनो, असे करू नका. भाडे थकले की खोली खाली करून घेण्याचे कारण मालकाला आयते मिळते.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्यायोग्य व सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. गंजून फुटलेला पाइप, भिंतीतली गळती, गच्चीवरची टाकी, सामायिक संडासाची वाहिनी हे सारे त्यात येते. मात्र आपल्या हातून मोडलेला नळ किंवा खरकटे टाकून तुंबवलेली मोरी आपणच नीट करून द्यायची. नळाचा वायसर बदलण्यासारखी किरकोळ कामेही आपली आपण केलेली बरी.

मालक दाद देत नसेल तर त्याला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. गळती कुठे, कधीपासून आणि कोणाचे काय नुकसान होते, एवढे साध्या मराठीत लिहिले तरी पुरे. ती पोस्टाने पाठवा. नक्कल व पोस्टाची पावती जपून ठेवा. गळती सामायिक असेल तर सर्व भाडेकरूंनी मिळून सह्या कराव्यात.

तरीही वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापता येतो. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नाही. समजा, भाडे महिना ४०० रुपये आहे. वर्षाचे झाले ४,८००. म्हणजे कापता येतील जास्तीत जास्त १,२०० रुपये. उरलेले भाडे वेळेवर भरायचेच. प्लंबरची व सामानाची पावती घ्यायला विसरू नका. हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा कायद्याने मानला आहे.

राग धरून मालकाने पाणी तोडले तर? योग्य कारणाशिवाय पाणी, वीज, संडास यांसारख्या सोयी बंद करणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे. न्यायालयात अर्ज करून त्या पूर्ववत करून घेता येतात. मुंबईत त्यासाठी लघुवाद न्यायालय आहे.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांचे गणित निराळे. तेथे दुरुस्ती कुणाची, हे मुख्यतः करारावर ठरते. म्हणून सही करण्याआधी तो कुणाकडून तरी वाचून घ्या. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. तो तसा नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. दर महिन्याला ती मागून घ्या. या पावत्या, नोटिशीची नक्कल आणि प्लंबरचे बिल एकाच पिशवीत घालून कपाटात ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या सर्वांना माहीत असू द्या.