सहाण, अँटेना आणि इस्रायलचं औषध

विश्वास सरपोतदारांना मधुमेह होता. इस्रायलमध्ये त्यावर एक औषध मिळतं, असं भाडेकरू धनंजय माने यांनी त्यांना सांगितलं आणि त्यासाठी सत्तर रुपयेही घेतले. औषध काही आलं नाही. ज्या मित्राकरवी ते यायचं होतं तो वारला, आणि त्याच्यामागोमाग सत्तर रुपयेही वारले. ‘अशी ही बनवाबनवी’ २३ सप्टेंबर १९८८ रोजी पडद्यावर आला, आणि तेव्हापासून हा प्रसंग मराठी घरात कुणाला समजावून सांगावा लागलेला नाही. सुधीर जोशींचा भाबडा प्रश्न आणि अशोक सराफांचं शांत उत्तर. उसने पैसे बुडाले की आजही लोक तेच सत्तर रुपये आठवतात.

हा विनोद इतका टिकला, कारण तो खऱ्या जगण्यातून उचललेला आहे. आपल्याकडे दुखणं सांगितलं की समोरून औषध येतंच. कुणाची मावशी ओव्याची पुरचुंडी शेकायला सांगते, कुणाचा शेजारी गुळवेलीचा तुकडा आणून देतो. आणि हल्ली या औषधांचा विषय निघाला की त्याच ओघात जुन्या टीव्हीचाही निघतो. आजीचा बटवा आणि चाळीत एकाच घरी असलेला कृष्णधवल टीव्ही, दोन्ही ‘त्या वेळचं’ या दोन शब्दांत मावतात.

ही जोडी सगळ्यांत ठळक दिसली ती २०२०च्या मार्चअखेरीस. २५ मार्चला देश बंद झाला. चौथ्या दिवशी, शनिवारी २८ मार्चला, सकाळी नऊ वाजता दूरदर्शनने रामानंद सागर यांचं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १९८७ साली ज्यांनी ते रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या बैठकीत जमिनीवर बसून पाहिलं होतं, त्यांची नातवंडं आता सोफ्यावर शेजारी होती. १६ एप्रिलचा एक भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असं दूरदर्शनने जाहीर केलं. ‘रामायण’ सुरू झाल्यावर तीनच दिवसांनी, ३१ मार्चला, आयुष मंत्रालयाची सूचनावली आली: दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद, तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा, सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश, नाकपुड्यांना तिळाचं किंवा खोबरेल तेल. बाहेर रस्ता ओस, आत हॉलमध्ये लक्ष्मण मूर्च्छित पडलेला, हनुमान द्रोणागिरीकडे निघालेला, आणि स्वयंपाकघरात पातेल्यात सुंठ उकळतेय. कितीतरी घरांत त्या महिन्याचा वास आणि आवाज हाच होता.

भीती वाटली की माणूस ओळखीच्या वस्तूकडे हात पुढे करतो. हे काही दुबळेपणाचं लक्षण नाही, जरी कधीकाळी त्याला चक्क आजार मानलं गेलं होतं. १६८८ साली बाझेल इथल्या योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. ग्रीक भाषेतले ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द त्याने जोडले. घरापासून दूर गेलेली स्विस माणसं झुरतात, खात नाहीत, त्यांना ताप येतो, असं त्याचं निरीक्षण होतं, आणि घरी पाठवणं हा त्यावरचा खरा उपाय होता. आज चित्र उलटं झालं आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशुट यांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांतून दिसतं, की एकटेपणात माणूस जुनं आठवतो आणि त्यातून आपल्याला आपली माणसं आहेत ही जाणीव पुन्हा मिळते. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा रोग आता काढ्याच्या रांगेत येऊन बसला आहे.

पण नेमकं काय आठवतं? पडद्यावरचं थोडं आणि पडद्याभोवतीचं बरंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्र दिसू लागलं. टीव्हीला लाकडी शटरं असत, त्याला कुलूप असे, वर आईने विणलेलं क्रोशाचं कापड. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा जिन्यात उभा आणि तिसरा खोलीतून ओरडतोय, “आलं, आलं... गेलं!” पडद्यावर मुंग्या आल्या की सगळे गप्प. स्मिता पाटील बातम्या वाचायची. ‘गजरा’ असायचा, ‘आमची माती आमची माणसं’ शेतकरी नसलेलेही बघायचे, आणि चिं. वि. जोशींच्या कथांवरचे दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ लागले की पंगत लांबायची. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांनाही त्यांचा कोपरा ठरलेला होता.

आणि मध्येमध्ये जाहिराती. मराठी माणसाच्या आठवणीत टीव्ही आणि बटवा एकमेकांत मिसळले ते इथे. परळला केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली सुरू केलेल्या विकोची हळदीची क्रीम आणि वज्रदंतीचं मंजन थिएटरमध्ये सिनेमाआधी दिसायचं, मग व्हिडिओ कॅसेटवर, मग टीव्हीवर. १९८४च्या ‘ये जो है जिंदगी’ला विकोचंच प्रायोजकत्व होतं.  लग्नाआधी हळद लावायची आपली रीत अशी पिवळ्या ट्यूबमध्ये बसून छोट्या पडद्यावर आली. ही क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, हा वाद अबकारी कराच्या निमित्ताने वर्षानुवर्षं कोर्टात चालला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हळद नक्की कोणत्या फडताळात ठेवायची हे देशालाही चटकन ठरवता आलं नाही, कारण घरात ती मिसळणाच्या डब्यात असते, देवघरात असते आणि कापलेल्या बोटावरही असते.

बटव्यातली सगळ्यांत देखणी कृती मात्र कुठल्याच जाहिरातीत आली नाही. ती बाळगुटीची. तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालून धुरी दिली की आजी सहाण पुढे ओढते. डब्यात हळकुंड, हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, वेखंड, बदाम, खारीक. आईच्या दुधाचे नाहीतर उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब सहाणेवर पडतात आणि एकेक वस्तू हलक्या हाताने गोल फिरते. मात्रा मोजायची ती वेढ्यांत. बदामाचे जास्त, जायफळाचा एखाददुसरा, वेखंडाचा जेमतेम. बाळाचं पोट कसं आहे, झोप लागली का, ऋतू कोणता, यावर वेढे बदलतात. सहाणेवर उमटणारी ती पिवळसर, मातकट रेष चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच असते. वजनकाटा नसलेल्या घरात मात्रा इतकी थोडी ठेवायची ही युक्ती मोठ्या अनुभवाची आहे.

ही काळजी उगीच नव्हती. वेखंडातलं बीटा-अॅसॅरोन हे द्रव्य प्राण्यांवरच्या चाचण्यांत घातक ठरलं, आणि अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी केली. जायफळ जास्त झालं तर बाळ सुस्त पडतं. म्हणून आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकायला हवं. मधही वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

बटव्यातलं किती खरं ठरलं हे बघायला गेलं तर अभिमान वाटावा असं पुष्कळ सापडतं. परसातला अडुळसा घ्या. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरून ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं, आणि जगभर कफ पातळ करणाऱ्या कितीतरी सिरपांत आज ते आहे. दाढ दुखल्यावर धरलेल्या लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. ओव्यातलं थायमॉल जंतुनाशक आहे. दोन वर्षांवरच्या मुलांना रात्री झोपताना दिलेल्या चमचाभर मधाने खोकला कमी होतो, हे २००७ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. हळदीत मिरपूड का, याचं उत्तर बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दिलं: मिऱ्यातल्या पायपरिनमुळे कर्क्युमिन रक्तात वीसपट जास्त उतरलं. मात्र त्या प्रयोगात शुद्ध कर्क्युमिन दोन ग्रॅम होतं आणि हळदीत ते शंभरातले तीनेक भाग असतं. अर्धा चमचा हळदीच्या दुधाने घसा शेकतो, झोप लागते. त्याने विषाणू मरतो असं मात्र कुणी दाखवलेलं नाही.

घरगुती उपायांतला सगळ्यांत मोठा विजय कुठल्याच मुळीचा नाही. तो मीठ-साखर-पाण्याचा. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मिसळलेलं पाणी पिंपातून द्यायला सुरुवात केली. पाजायला नातेवाईकच होते. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांखाली आलं. एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पुढे दूरदर्शनवरच्या जाहिरातींनी हे द्रावण घराघरांत पोचवलं. त्या टीव्हीने समाजाला काय दिलं याचा हिशोब मांडताना रामायणाच्या आधी हे लिहायला हवं.

आठवण एक लबाडी करते. ती गोड तेवढं ठेवते आणि कडू गाळून टाकते. पूर्वी माणसं सुंठ-गुळावर ठणठणीत राहायची, असं सहज म्हटलं जातं. मुंबईत दूरदर्शन सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १९७१ साली, देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ होता. हा फरक लशींनी, स्वच्छ पाण्याने, दवाखान्यांनी आणि त्या मीठ-साखरेने पाडला. प्रत्येक आजीच्या सहाणेशेजारी एखादं न वाचलेलं बाळही होतं. आजी ते फारसं बोलली नाही, म्हणून आपल्या आठवणीत ते नाही.

कोविडच्या काळातच याची एक दुखरी बाजू पुढे आली. गुळवेलीचा काढा लोक आठवडेच्या आठवडे घेत होते. २०२०च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळे गुळवेल घेत होते. डॉक्टरांनी ते शोधनिबंधात मांडलं, तर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीही वेल असते. वाद काहीही असो, काढा पिणाऱ्याने त्यातून एक गोष्ट घ्यायलाच हवी. आजी काढा चार दिवस द्यायची. सर्दी गेली की पातेलं घासून फडताळात जायचं. रोज, महिनोन्‌महिने, कप भरभरून प्यायची रीत तिची नव्हे. आणि ज्यांना आधीच मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. सरपोतदारांचे सत्तर रुपयेच गेले. इन्सुलिन सोडून इस्रायलच्या औषधाची वाट पाहणाऱ्याचे पाय जातात, डोळे जातात.

म्हणून आठवण जपायची तर ती नेमकी जपावी लागते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याचं पेटंट मिळालं, तेव्हा आमच्या आजीला हे माहीत होतं, एवढं सांगून भागणारं नव्हतं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने लिखित पुरावे गोळा केले: संस्कृत ग्रंथांतले उल्लेख, १९५३ साली भारतीय वैद्यक नियतकालिकात छापून आलेला लेख. १९९७ साली पेटंट रद्द झालं. लिहून ठेवलेलं होतं म्हणून हळद राहिली. दूरदर्शनच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. टेप महाग होत्या, पुसून त्यांवर नवं चित्रित करायची पद्धत होती, आणि त्यात जुन्या कार्यक्रमांचे कितीतरी भाग कायमचे गेले. जे उरलं त्यातलं काही दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने यूट्यूबवर ठेवलं आहे. त्याखाली लोक लिहितात ते बहुतेक कार्यक्रमाबद्दल नसतंच. कुणी आजोळ आठवतो, कुणी वडील.

सहाण अजून बऱ्याच घरांत आहे, माळ्यावर, गणपतीपुरती गंध उगाळायला खाली येणारी. ज्यांच्या घरी ती वापरलेली बाई अजून आहे, त्यांनी एका दुपारी मोबाइल समोर ठेवून तिला गुटी उगाळायला सांगावी. बाळासाठी नाही, नोंदीसाठी. प्रत्येक वस्तूचं तिच्या गावचं नाव विचारावं, किती वेढे ते विचारावं, कशाला कधी हात लावायचा नाही तेही. आणि कोणत्या दुखण्याला तिने सहाण बाजूला सारून बाळ उचललं होतं आणि डॉक्टरकडे धाव घेतली होती, ते शेवटी विचारावं. मागे टीव्ही चालू असेल तर राहू द्यावा. आवाजही रेकॉर्ड होईल.