दिव्याचे वॅट : पेटीवरचे आणि मीटरवरचे

ऊन जेथें पोंचत नाहीं अशा खोलींत एल्. ई. डी.चे दिवे लावून मेथी, कोथिंबीर, पुदिना वाढविण्याची हौस हल्लीं शहरांतून बरीच वाढली आहे. हे दिवे बाजारांत ‘ग्रो लाइट’ या नांवानें मिळतात. त्यांच्या पेट्यांवर ६००, १०००, २००० वॅट असे आंकडे ठळक छापलेले असतात, आणि ग्राहक त्या आंकड्यांकडे पाहून दिवा निवडतो. स्वस्त दिव्यांच्या बाबतींत हा आंकडा बहुधा खरा नसतो. तो येतो कोठून, आणि खरा आंकडा काढावा कसा, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

वॅट हें माप दिवा किती प्रकाश देतो याचें नव्हे. तो किती वेगानें वीज खातो याचें आहे. १००० वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे मीटरवर एक युनिट चढतें. कपड्यांची इस्त्री साधारण १००० वॅटची असते. तिच्या तव्याला बोट लावण्याची कोणाची छाती नाहीं. वीतभर दिवा खरोखरच तितकी वीज खात असता, तर तींतील जवळजवळ निम्मी उष्णतेच्या रूपानें त्याच्या अंगांतून निघाली असती, आणि ती वाहून नेण्यास एक चिमुकला पंखा पुरला नसता.

आंकडा फुगविण्याच्या रीति दोन. पहिली गुणाकाराची. दिव्यांत शंभर बारीक एल्. ई. डी. बसवावयाचे, त्यांतील प्रत्येक १० वॅटपर्यंत सहन करूं शकतो असें म्हणावयाचें, आणि गुणाकार पेटीवर छापावयाचा. प्रत्यक्षांत त्या प्रत्येकास जेमतेम एक वॅट वीज दिलेली असते. दुसरी रीत तुलनेची : हा दिवा जुन्या प्रकारच्या १००० वॅटच्या दिव्याइतका आहे, असें सांगावयाचें, आणि ‘इतका’ हा शब्द बारीक अक्षरांत ठेवावयाचा. तुलना करण्यांत स्वतः गैर कांहीं नाहीं. २०१५ सालीं सुरू झालेल्या उजाला योजनेंतून घरोघर गेलेला ९ वॅटचा दिवा जुन्या ६० वॅटच्या दिव्याची जागा घेतो. पण त्यावर ९ हाच आंकडा असतो. ज्यांच्या नांवावरून हें माप ओळखलें जातें, त्या जेम्स वॅट यांनींही आपलें वाफेचें यंत्र किती घोड्यांचें काम करील हें गिऱ्हाइकांस सांगितलें होतें. मात्र एक घोडा म्हणजे किती काम, तेंही त्यांनीं ठरवून दिलें होतें.

आमच्या नेकनूरच्या आठवडी बाजारांत बैल घेणारा मनुष्य विकणाराच्या तोंडाकडे पाहत नाहीं. बैलाचें तोंड उघडून दांत मोजतो. दिव्याचे दांत विजेच्या मीटरवर मोजतां येतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें बचत गटाकडून कर्ज काढून टोमॅटो-मिरचीच्या रोपांसाठीं एक बंद खोली उभारली आणि असे चार दिवे टांगले. रोपें उगवलीं, पण तीं उंच, बारीक आणि पिवळट. ट्रे हलवितांच माना टाकीत. तिनें बियाणें बदललें, कोकोपीट बदललें, खत वाढविलें. हप्ते मात्र चालूच होते. दिव्यांविषयीं विचारलें तर ती म्हणे, “गुरुजी, दिवे तर हजार-हजार वॅटचे आहेत!” आम्हीं घरांतील सर्व उपकरणें बंद केलीं, फ्रीजसुद्धां, आणि एकच दिवा चालू ठेवला. आजच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो, आणि किती लुकलुकींचें एक युनिट तें मीटरवरच छापलेलें असतें. तिच्या मीटरवर ३२०० होतें. तीन मिनिटांत ठिपका १७ वेळां लुकलुकला. म्हणजे तासास ३४०. ३४० ला ३२०० नें भागलें कीं ०.१०६ युनिट, अर्थात् १०६ वॅट. दिवा हजार वॅटचा असता तर त्याच तीन मिनिटांत १६० लुकलुकी झाल्या असत्या. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. पुढें रोपें शेडनेटखालीं नेलीं तेव्हां कोठें सावरलीं.

खरे वॅट कळले तरी काम अर्धेंच झालें. त्या विजेचा प्रकाश किती होतो हें पाहावयाचें राहतें. ‘ल्यूमेन’चा आंकडा येथें उपयोगाचा नाहीं, कारण तें माप मनुष्याच्या डोळ्यास अनुसरून बेतलेलें आहे. डोळ्यास हिरवा प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो. पानें मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यांतील प्रकाशकणांवर अन्न तयार करतात. मॅक्री या शास्त्रज्ञांचें १९७२ मधील यासंबंधींचें मोजमाप आजही आधारभूत मानतात. हे कण मायक्रोमोलमध्यें मोजतात. डझनाप्रमाणेंच तें एक संख्येचें माप आहे, फक्त संख्या अतिप्रचंड. दिवा दर सेकंदास किती मायक्रोमोल देतो त्यास खऱ्या वॅटनीं भागावें. चांगल्या दिव्याचें उत्तर अडीच किंवा अधिक येतें, हलक्याचें एक-दीड. शुद्ध गडद तांबड्या प्रकाशांतही सुमारें साडेपांचाच्या पलीकडे जाणें निसर्गनियमानेंच अशक्य आहे. त्याहून मोठा आंकडा छापलेला दिसल्यास ती पेटी परत फळीवर ठेवावी.

पालेभाजीस दर चौरस मीटरवर सुमारें २०० मायक्रोमोल प्रकाश रोज सोळा तास मिळाला म्हणजे पुरतें. दिवा वॅटमागें दोन मायक्रोमोल देणारा असेल तर त्यासाठीं १०० खरे वॅट लागतील. कांहीं प्रकाश आजूबाजूस वायां जातो, म्हणून थोडे अधिक धरावे. १०० वॅट सोळा तास म्हणजे रोज १.६ युनिट, महिन्यास ४८. आपल्या बिलावरील दरानें त्यास गुणावें, आणि तेवढ्या पैशांत मंडईंतून किती जुड्या येतील तेंही पाहावें.

सोलापूर-सांगलीकडे ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यांत हिवाळ्यांत रात्रीं दिवे लावतात, त्यावरून मात्र घरच्या मेथीचा हिशेब करूं नये. तेथें दिवस मोठा झाल्याचा भास झाडास करून द्यावयाचा असतो, म्हणजे तें अवेळीं फुलतें. त्याला अगदीं मंद प्रकाश चालतो. त्याचें अन्न दिवसा उन्हांतच शिजतें.

गॅलरींत चार-पांच तास ऊन येत असेल तर पालेभाजीस दिवा नकोच. ज्यांच्या घरीं तेवढें येत नाहीं त्यांनीं पेटी न्याहाळतांना ‘प्रत्यक्ष वीजवापर’ या ओळींतला आंकडा शोधावा. तो बहुतेक मागच्या बाजूस, व्होल्टच्या शेजारीं, बारीक अक्षरांत असतो.