रक्तबिंबिकांचे पाच दिवस

खानदेशात पावसाळा स्थिरावला की डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात आणि आमच्या कार्यालयाच्या दारात एकच प्रश्न येतो : "साहेब, पांढऱ्या पेशी मिळतील का?" त्यांना हव्या असतात त्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट. त्या रक्तस्राव थांबवितात.

दात्याचे रक्त एकमेकींना जोडलेल्या पिशव्यांच्या संचात घेतले जाते. सहा तासांच्या आत ते अपकेंद्री यंत्रात प्रथम हलक्या वेगाने फिरवितात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, बिंबिका वरच्या रक्तद्रवात राहतात. तो द्रव दुसऱ्या पिशवीत घेऊन पुन्हा अधिक वेगाने फिरविला की बिंबिका खाली साचतात. बहुतेक रक्तद्रव काढून घेतल्यावर उरतात सुमारे 50 ते 70 मिलिलिटर. ही पिशवी तासभर निश्चल ठेवून नंतर 20 ते 24 अंश तापमानात सतत हलत्या फळीवर ठेवावी लागते. भारनियमनाच्या काळात या एका फळीसाठी आम्ही जनित्र राखून ठेवीत असू.

रक्त म्हटले की शीतपेटी, ही सर्वांची समजूत. परंतु थंडीत बिंबिकांचा आकार बदलतो व रुग्णाच्या शरीरात त्या फार काळ टिकत नाहीत. 1969 मध्ये मर्फी व गार्डनर यांनी सामान्य तापमानच त्यांना मानवते, हे दाखवून दिले. मे महिन्यातील एका ग्रामीण शिबिरात, पारा 45 अंशांजवळ असताना, कार्यकर्त्यांनी काळजीपोटी सर्व पिशव्या बर्फात ठेवल्या. तांबड्या पेशी मिळाल्या, बिंबिकांची एकही पिशवी तयार करता आली नाही. दोष त्यांचा नव्हे. आम्हीच आधी सांगावयास हवे होते.

एक पिशवी प्रौढ रुग्णाची संख्या साधारण 5 ते 10 हजारांनी वाढविते, म्हणून एका वेळी चार ते सहा पिशव्या लागतात. अहवालातील आकडा पाहून नातेवाईक घाबरतात. मात्र रक्तस्राव नसेल तर संख्या 10 हजारांच्या खाली गेल्याखेरीज डॉक्टर सहसा बिंबिका देत नाहीत. हा नकार ऐकून घेणे घरच्यांना जड जाते, हे आम्ही जाणतो.

जमाखर्चात आयुष्य गेलेल्या आम्हांस हा साठा चक्रावून टाकतो. तांबड्या पेशी महिनाभराहून अधिक टिकतात, बिंबिका केवळ पाच दिवस. त्यातही एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग व हिवताप यांच्या तपासण्यांत काही वेळ जातो. 15 ऑगस्टला जळगाव-धुळ्यात शिबिरांची गर्दी होते. त्या दिवसाच्या बिंबिका 20 ऑगस्टला संपतात आणि रक्त दिलेले पुरुष दाते तीन महिने, स्त्रिया चार महिने पुन्हा देऊ शकत नाहीत. डेंग्यूचा सप्टेंबर-ऑक्टोबर नेमका त्यातच सापडतो.

म्हणून मंडळांना विनंती की, शिबिराची तारीख छापण्यापूर्वी ती रक्तपेढीशी ठरवावी व काही दाते सप्टेंबरसाठी राखावेत. मागील तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेल्या दात्याने तसे आधी सांगावे. त्याचे रक्त घेता येते, त्यातून बिंबिका मात्र काढल्या जात नाहीत.